ताटावरचा अँटेना

निपाणीत माझं दुकान होतं तेव्हा त्याच्या पाटीवर तीन ओळी होत्या. पहिली 'सर्व टू-स्ट्रोक गाड्यांची कामे', दुसरी 'रेडिओ, टेप, टीव्ही', आणि तिसरी, नंतर पेंटरकडून मुद्दाम लाल रंगात काढून घेतलेली, 'विमान दुरुस्ती'. तिसरी ओळ वाचली की लोक थांबत, पाटीकडे बघत, मग माझ्या बनियनकडे बघत आणि पुढे जात. त्या ओळीनं मला एकही गिऱ्हाईक मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. साऱ्या निपाणीत विमान एकच होतं आणि ते आधीच माझ्याकडे होतं.

विमान म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुमच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येईल. वर कापडाचा मोठा त्रिकोणी पंख. त्याखाली लोंबकळणारा तीन चाकांचा सांगाडा, त्यात एकामागे एक दोन खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या पाठीशी दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. इंजिनाच्या मागं लाकडी पंखा. उडवणाऱ्यानं हातातली आडवी दांडी ढकलायची, ओढायची, आणि देवाचं नाव घ्यायचं. कागदोपत्री त्याला ट्राइक म्हणत. गावात 'उडती फटफटी' म्हणत, आणि खरं सांगायचं तर तेच नाव जास्त बरोबर होतं.

मालक होता गावातल्या एका जैन तंबाखू व्यापाऱ्याचा मुलगा. तो शिकायला परदेशी गेला आणि येताना पदवीबरोबर ही एवढी पेटी घेऊन आला. त्याच्या वडलांना सगळं गाव आप्पा म्हणायचं आणि आईला आक्का. मुलाला मी पायलट म्हणायचो, कारण त्यामुळं मी आपोआप इंजिनिअर व्हायचो. हे ऐंशीच्या दशकाच्या मध्यातलं आहे, गावात टीव्ही नुकते येऊ लागले होते तेव्हाचं.

पेटीतून निघालेलं इंजिन सुरू होईना, म्हणून तो माझ्या दुकानात आला.

"मिस्त्री, टू-स्ट्रोक येतं न्हवं?"

"टू-स्ट्रोकच येतं," मी म्हणालो. त्या एका वाक्यावर माझी विमान क्षेत्रात भरती झाली.

इंजिनाला काही झालं नव्हतं. बोटीच्या प्रवासात कार्बोरेटरच्या बारीक भोकात घाण बसली होती. ती मी रोज तीन मोटरसायकलींची काढत होतो. पण इंजिन गरजलं, लाकडी पंखा फिरला, माझी टोपी उडून समोरच्या भट्टीच्या दुकानात चुरमुऱ्यांत जाऊन पडली, आणि त्या क्षणापासून मी माणसांत राहिलो नाही. चहा पिताना मी आभाळाकडं बघायला लागलो. कोणी स्कूटर घेऊन आलं तर "जमिनीवरचं काम हाय, जरा थांबावं लागंल" असं म्हणायला लागलो.

वडलांनी मला वेळीच जमिनीवर आणायचा प्रयत्न केला. त्यांचा जन्म तंबाखूच्या वखारीत पोती उचलण्यात गेला होता. त्या पाठीवरच मी बेळगावला आयटीआय केला. पाटीवरची तिसरी ओळ त्यांनी एकदा अक्षर लावून वाचली आणि म्हणाले, "इमान ऱ्हाऊदे. मास्तरांची सायकल कवाधरनं पडलीया, ती दे आधी."

इंजिनाची देखभाल म्हणजे मुळात संशय. पेट्रोलमध्ये ऑइल माप बघून मिसळायचं, कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. प्रत्येक उड्डाणानंतर प्लग काढून रंग बघायचा. दुधाच्या चहाचा रंग असला की इंजिन खूश. हेड उघडून कार्बन खरवडायचा. आणि सगळ्यात मोठा शत्रू थरथर. ते इंजिन असं थरथरायचं की घट्ट बसवलेला नट तासाभरात फिरून मोकळा व्हायचा. मोटरसायकलचा नट पडला तर रस्त्यावर पडतो. इथं पंखा मागं होता. नट सुटला की थेट पंख्यात, आणि मग पंखा नाही, काहीच नाही. म्हणून विमानाच्या नटाला भोक असतं, त्यातून तार ओवून, पिळून, शेजारच्या नटाला बांधून टाकायची असते. पायलटनं मला ते पुस्तकातलं चित्र दाखवून शिकवलं.

ही तार माझ्या डोक्यात गेली. पीळ इतका सुरेख बसायला लागला की मला दुसरं काही सुचेना. नट संपले तेव्हा मी घरी बांधायला सुरुवात केली. कुकरची हलणारी मूठ बांधली, छत्रीची दांडी बांधली, देवळाबाहेर चोरीला जाऊ नये म्हणून शेजाऱ्याच्या चपला एकमेकींना बांधल्या. बायको म्हणायची, हा माणूस एक दिवस मला चुलीशी तारेनं बांधणार. त्या दिवसांत माझ्या खिशात पैसे नसले तरी तांब्याची तार आणि पकड असायचीच.

मग रेडिओ आला. पायलटनं कुठून कुठून परवानग्या मिळवून दोन संच आणले, एक विमानात लावायला आणि एक खाली माझ्या हातात. अँटेनाचं काम माझ्याकडं. अँटेनात मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो, कारण निपाणीतल्या निम्म्या छपरांवर मी चढलो होतो. वर मी अँटेना फिरवायचो, खालून घरची माणसं ओरडायची, "मुंग्या! मुंग्या! ... आलं, आलं! ... परत मुंग्या!" माझं सगळं शिक्षण त्या मुंग्यांनी केलेलं.

पण विमानाचा अँटेना छपरासारखा नसतो. नुसती दांडी उभी करून भागत नाही, तिच्या पायाशी धातूचा रुंद पत्रा लागतो, आणि दांडी त्या पत्र्याला, सांगाड्याला कुठंही चिकटता कामा नये, चिकटली की आवाज मेला; म्हणून मध्ये बेकेलाइटचा तुकडा. ट्राइकमध्ये पत्रा नावाला नव्हता, सगळ्या नळ्या आणि कापड. मी बेळगावला कॅम्पातल्या भंगारवाल्यांकडं दोन खेपा केल्या, मनासारखं काही मिळेना. शेवटी एका दुपारी जेवता जेवता माझं लक्ष माझ्याच ताटाकडं गेलं. बायकोच्या लग्नातलं जाड स्टीलचं ताट, कडेला तिच्या माहेरचं सगळं नाव घातलेलं. मी आमटी संपवली आणि ताट धुऊन दुकानात घेऊन गेलो.

ते ट्राइकच्या नाकाशी पालथं बसवलं, मधोमध भोक पाडून त्यातून दांडी काढली. आवाज इतका स्वच्छ आला की पायलट माळाच्या पार टोकाला उभा राहून बोलला तरी तो खाकरलेला मला कळला. मधे इंजिनाची फटफट ऐकू यायची ती प्लगच्या वायरींवर जाळी चढवून घालवली. ताट गेल्याचं बायकोला आठवड्यानं कळलं. तिनं मला आठ दिवस पितळीत वाढलं आणि आल्यागेल्याला सांगितलं, "आमच्या दादांचं नाव आभाळात गेलंय, जेवायला मात्र ताट न्हाय."

आप्पांना हा सगळाच प्रकार पसंत नव्हता. ट्राइक गावाबाहेरच्या माळावरून उडायचं, डोळ्यांसमोर चार घिरट्या घालायचं आणि उतरायचं, तोवर ते सहन करत होते. पण त्या वर्षी पायलटच्या मनात आलं की दसऱ्याला आकाशातून सीमोल्लंघन करायचं. हायवे धरून उत्तरेला जायचं, दूधगंगेवर वळायचं आणि परत. म्हणजे पहिल्यांदाच तो नजरेआड होणार होता. आप्पांनी आम्हा दोघांना वखारीत बोलावून घेतलं.

"जा," ते म्हणाले. "पर त्यो वर असंस्तवर आवाज तुटता कामा नये. एकदा जरी तुटला, तर दुसऱ्या दिवशी यंत्र बेंगळूरला. तिथं गिऱ्हाईक हाय माझ्याजवळ." आणि माझ्याकडं बघून, "मिस्त्री, आवाजाचं तुमच्यावर."

मी छाती फुगवून हो म्हणालो. ते यंत्र गेलं असतं तर पायलटचा एक छंद गेला असता. माझं सगळंच गेलं असतं. पाटीवरची लाल ओळ पुसून मी पुन्हा चुरमुऱ्यांच्या दुकानासमोरचा स्कूटर मिस्त्री झालो असतो. हे मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मला त्याची फार भीती वाटत होती. म्हणून मी एक नियमही काढला. रेडिओ बंद पडलाच, तर पायलटनं पुढं जायचं नाही. जवळचं बरं रान बघून खाली उतरायचं, सगळं तपासायचं आणि मगच परतायचं.

खंडेनवमीला माळावरच्या शेडमध्ये ट्राइकची पूजा झाली. आमच्या घरातले देव वडलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच नदीत सोडले होते. पूजेला मी बाजूला हात बांधून उभा राहत असे. झेंडू घातले, हळदकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग आक्कांनी पदराआडून एक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या ओवलेली माळ काढली आणि माझ्यापुढं धरली.

"मिस्त्री, हे नाकाला बांध की रं. सारं गाव बघायला येनार, नजर वंगाळ असती."

माझा लिंबू-मिरचीवर विश्वास नव्हता. तारेवर होता. माळ दोऱ्याची होती. वाऱ्यात दोरा तुटला असता आणि लिंबू मागं पंख्यात गेलं असतं. विमानाचा जबाबदार इंजिनिअर म्हणून मला ते चालणार नव्हतं. मी खिशातली तांब्याची तार काढली, लिंबातून ओवली, समोर सोयीची उभी दांडी होती तिला दोन वेढे दिले, तिथून खालच्या नळीला ओढून घेतली आणि पकडीनं पिळली. हलवून बघितली. इंजिनासकट सगळं सुटलं असतं, पण लिंबू सुटलं नसतं. आक्का कौतुकानं म्हणाल्या, "हात लई पक्का तुझा."

पूजा झालेल्या यंत्राला त्या दिवशी कोणी हात लावत नाही, म्हणून तपासणी राहिली. दसऱ्याच्या सकाळी इंजिन तापवणं, ऑइल, प्लग यात वेळ गेला. रेडिओचं म्हणाल तर पायलट खुर्चीत बसला, मी दहा हातांवर उभा राहून "ऐकू येतं का?" विचारलं आणि तो "येतं" म्हणाला. दहा हातांवर त्याला रेडिओ नसता तरी ऐकू आलं असतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दसरा आमच्या घरी दीक्षेचा दिवस म्हणून मोठा. संध्याकाळी विहारात जायचं होतं, म्हणून मी पांढरा शर्ट, पांढरी विजार घालूनच आलो होतो. माळावर माणूस मावत नव्हता. आप्पा वखारीतली पूजा आटपून मागून येणार होते. आक्का मात्र खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसल्या. ट्राइक धावलं, उचललं, झेंडूच्या पाकळ्या गाळत हायवेच्या दिशेनं गेलं आणि लहान होत दिसेनासं झालं.

मी संच तोंडाशी धरला. "बोला, पायलट."

काही नाही. खरखर.

पुन्हा बटण दाबलं, संच हलवला, उंच धरला, पाठ फिरवून बघितलं. खरखर. आजूबाजूला पन्नास माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि त्यांत माझी जुनी गिऱ्हाइकंही होती. मी हसलो आणि म्हणालो, "आलं, आलं."

"काय म्हनतोय रं?" आक्कांनी विचारलं.

"हवा चांगली हाय म्हणतोय."

लोकांनी एकमेकांना सांगितलं, हवा चांगली आहे. मला वाटलं, एवढ्यात मुंग्या जातील आणि आवाज येईल. थोड्या वेळानं आक्कांनी पुन्हा विचारलं, मी म्हणालो, यमगर्णी ओलांडली. मग म्हणालो, वरनं ऊस लई झाक दिसतोय. मग म्हणालो, नदी दिसली. मी त्या मुक्या डब्यात बोलायचो, कान लावायचो, मान डोलवायचो आणि बातमी द्यायचो. माझ्यात एवढा नट दडलाय हे मलाही ठाऊक नव्हतं.

परत यायची वेळ झाली आणि ट्राइक आलं नाही.

वेळ टळून गेली, तरी आलं नाही. लोक पांगायला लागले. मी एकाला मोटरसायकलवर हायवेनं पिटाळलं, "सहज बघून ये" म्हणून. मनातल्या मनात मी सगळं इंजिन खोललं. प्लग बदलले होते. फिल्टर साफ होता. ऑइल घातलं होतं. घातलं होतं ना? नवमीला मापाचा डबा कुठं ठेवला होता? पिस्टन धरला असेल तर पंखा थांबला असेल, आणि खाली विजेच्या तारा असतील, नाहीतर नदी.

खरं तर एक धीराचा शब्द माझ्याजवळ होता. रेडिओ बंद पडला तर उतरायचं, हा नियम. तो कुठंतरी नीट उतरला असेल. पण तो शब्द मला तोंडातून काढता येत नव्हता. रेडिओ बंद आहे हेच मी सांगितलं नव्हतं. तो घटकेपूर्वी माझ्याशी उसाबद्दल बोलला होता.

"काय म्हनतोय?" आक्का. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते.

मला वाटत होतं तो मेला आहे. अगदी असंच वाटत होतं. आणि मी त्याच्या आईला म्हणालो, "जरा उशीर हुतोय म्हणतोय. आल्यावर भूक लागंल, पुरणपोळी ठेवा म्हणतोय."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. ठेवल्यात म्हनावं."

मी संच तोंडाशी धरला आणि बंद रेडिओत सांगितलं, "आक्का ठेवल्यात म्हणत्यात."

"आनी काय म्हनतोय?"

मग मी थांबलोच नाही. वारा पडलाय म्हणतोय. खाली पोरं हात करत्यात म्हणतोय. आप्पांना सांगू नका म्हणतोय, एक फेरी जास्त मारतोय. पांढऱ्या शर्टाला हात पुसून त्यावर ऑइलचे पट्टे उमटले होते, आणि आक्का दर वेळी शांतपणे विचारत होत्या, आणि काय, आणि काय.

ऊन कललं, पिटाळलेला मोटरसायकलवालाही परतला नव्हता, तेव्हा आवाज आला. रेडिओतून नव्हे, आभाळातून. आधी मला भास वाटला, मग दोन्ही सिलिंडरची सारखी फटफट ओळखू आली, आणि मी खाली मातीतच बसलो. पांढऱ्या विजारीचं उरलंसुरलं तिथं संपलं. मी रडत होतो आणि लोकांना वाटलं, मिस्त्री नाकात धूळ गेली म्हणून शिंकतोय.

ट्राइक उतरलं. पायलटच्या मांडीवर, खिशांत, सगळीकडं आपट्याची पानं. त्यानं हेल्मेट काढलं आणि आक्कांच्या समोरच मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, रेडिओ उडाल्यापासनं मेलता की! एक शब्द ऐकू आला न्हाय. तुमचा नियम, म्हनून कोगनोळीजवळ भुईमुगाच्या रानात उतरलो. मानसं सोडंनात. चहा काय, सोनं काय, परत पूजा केली बघा."

मी आक्कांकडं न बघता उठून ट्राइकच्या नाकाकडं गेलो. कोगनोळीकरांच्या झेंडूखाली माझं लिंबू होतं, सुकून एवढंसं झालेलं. त्यातून निघालेली तांब्याची तार अँटेनाच्या दांडीला दोन वेढे, आणि तिथून थेट सांगाड्याच्या नळीला. बेकेलाइटचा तुकडा घालून महिनाभर जे वेगळं राखलं, ते मी पकडीनं पिळून एक केलं होतं. आयुष्यात हजारो कनेक्शनं केली असतील, पण इतकं पक्कं दुसरं नाही. मी तार कापून लिंबू सोडवलं.

तेवढ्यात आप्पांची जीप आली. उतरल्या उतरल्या त्यांनी मुलाला वरून खाली बघून घेतलं, आणि मग माझ्यापुढं उभे राहिले. "आवाज तुटला न्हाय न्हवं?"

माझ्या मुठीत लिंबू होतं. पायलटनं तोंड उघडलं. मला बेंगळूरचं गिऱ्हाईक दिसलं, पुसलेली लाल ओळ दिसली.

"न्हाय तुटला," आक्का म्हणाल्या. "सारा वेळ बोलत हुता. मी शेजारीच बसलेते."

पायलट आईकडं बघत राहिला आणि मग हेल्मेटच्या पट्ट्यात एकदम गुंतून गेला. आप्पांनी मान हलवली, मला सोनं दिलं, पाठीवर थाप मारली आणि पंखाचं कापड चाचपत पलीकडं गेले.

आक्का खुर्ची घडी करत होत्या. मी धरायला गेलो. आपट्याची दोन पानं त्यांनी माझ्या हातावर ठेवली, लिंबाच्या शेजारीच.

"आक्का," मी हळूच विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"पुरनपोळीला. बारका असल्यापासनं पुरन तोंडाला लावत न्हाय त्यो."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

त्यांनी खुर्ची माझ्या हातात दिली.

"बोलले असते, तर तू गप बसला असतास की रं."